स्वर बरोबर, आवाज चुकीचा: म्युझस्कोरमध्ये व्हर्च्युअल वाद्यं कोणत्या क्रमानं लावायची

फोन साधारण असा येतो: "सर, पेटी लावली तर पियानो वाजतोय. तबला तर गप्पच आहे. सॉफ्टवेअर काढून परत टाकू काय?" गणपतीच्या आधी हे फोन देखाव्याचं पार्श्वसंगीत करणाऱ्या बेळगावच्या मंडळांतल्या पोरांचे असतात, डिसेंबरात स्नेहसंमेलनाची समूहगीतं बसवणाऱ्या शिक्षकांचे आणि लग्नसराईत निपाणी-चिकोडीकडच्या बँडवाल्यांचे. परत टाकून काही होत नाही. दहापैकी आठ जणांनी काम उलट्या टोकाकडून सुरू केलेलं असतं. आधी आवाजांची भली मोठी लायब्ररी उतरवायची, मग मिक्सरची बटणं फिरवायची, मग आठवण झाली की वाद्य निवडायचं, आणि स्वर लिहायचे सगळ्यात शेवटी. खालचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. तो मोडू नका.

उदाहरणं म्युझस्कोर ४ या स्वरलिपी लिहून वाजवायच्या सॉफ्टवेअरची घेतली आहेत, कारण ते फुकट आहे आणि आपल्याकडे बहुतेकांच्या लॅपटॉपवर तेच असतं. डोरिको किंवा सिबेलियस वापरत असाल तर बटणं वेगळ्या जागी सापडतील, क्रम मात्र हाच.

तयारी: लॅपटॉप उघडण्याआधी

एका कागदावर चार गोष्टी लिहा. कोणकोणती वाद्यं आहेत. गाणाऱ्यांचा सा कुठे आहे, काळी एक की पांढरी चार. प्रत्येक वाद्याचा आवाज कुठून येणार. आणि फाइल कशासाठी हवी आहे: घरी सराव करायला, कार्यक्रमात मागे लावायला, की नुसती ऐकून खात्री करायला.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नुसती ऐकायला' असेल तर या लेखातलं निम्मं काम करूच नका. सॉफ्टवेअरसोबत येणारा साधा आवाज चुकीचा स्वर पकडायला पुरतो. उलट भारी लायब्ररीच्या गोड आवाजात चूक लपते. मी अजूनही मुद्रितशोधन त्या साध्या आवाजावरच करतो.

लॅपटॉपची मेमरी ८ जीबी असेल तर मोठी प्लगइन वाद्यं (म्युझस्कोरला वेगळी जोडायची वाद्यांची सॉफ्टवेअरं) दोन-तीनच ठेवा, बाकी सगळी साउंडफाँटवर, म्हणजे अनेक वाद्यांचे आवाज भरलेल्या एकाच फाइलवर. लायब्ररी फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर सुरुवातीचे स्वर गळतात. शक्य असेल तर ती एसएसडीवर हलवा. आवाजांच्या फोल्डरचं नाव रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी किंवा कन्नड लिपीतल्या नावांवर काही प्लगइन अडखळतात, आणि ते तसं सांगतही नाहीत, नुसते गप्प बसतात.

१. आवाज बाहेर कुठून येणार ते ठरवा

प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओचं पान उघडून आउटपुट डिव्हाइस बघा. प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडलेला असेल तर आवाज गुपचूप तिकडे गेलेला असतो. ब्लूटूथ हेडफोन या कामाला नकोच. स्वर दाबल्यापासून ऐकू येईपर्यंत शंभर मिलिसेकंदांच्या पुढे उशीर सहज होतो. शिवाय विंडोजवर त्याचा माइक सुरू झाला की आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा चेपटा होतो, आणि दोष लायब्ररीच्या माथी बसतो. वायरचा हेडफोन घ्या.

मग बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक त्याचा किती मोठा तुकडा साठवून घेतो तो आकडा. ४८,००० च्या सँपल रेटला २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद उशीर, १,०२४ चा म्हणजे सुमारे २१. संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डवर वाजवून स्वर भरत असाल तर बफर लहान हवा. नुसतं प्लेबॅक ऐकायचं असेल तर मोठा ठेवा. हे उलटं केलेलं फार दिसतं: माउसनं स्वर लिहिणारा माणूस बफर ६४ वर ठेवतो आणि 'कटकट' आवाज येतो म्हणून साउंडफाँट बदलत बसतो.

तपासणी: नव्या कोऱ्या फाइलमध्ये पियानोचे चार स्वर लिहून वाजवा. इथेच आवाज नीट नसेल तर पुढे जाऊ नका.

२. वाद्य निवडा, नुसतं नाव बदलू नका

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात. स्टाफच्या, म्हणजे पाच रेघांच्या ओळीच्या, डावीकडे 'पियानो' असं छापलेलं असतं. त्यावर दोनदा क्लिक करून तिथे 'संवादिनी' लिहिलं, की पेटी वाजेल अशी अपेक्षा असते. ते नाव फक्त कागदावर छापायला असतं. आत वाद्य पियानोच राहतं, आवाज पियानोचा येतो, आणि पट्टीच्या बाहेरचे स्वर लाल दिसतात तेही पियानोच्या हिशोबानं.

खरं वाद्य बदलायचं तर 'आय' ही कळ दाबून वाद्यांची यादी उघडा. जुना स्टाफ असेल तर त्याच्या स्टाफ-पार्ट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन वाद्य बदलायचं बटण वापरा. वाद्य बदललं की मगच छापायचं नाव हवं ते करा.

आता आपल्या वाद्यांची अडचण. साध्या साउंडफाँटच्या मागे जनरल मिडी नावाची १२८ आवाजांची ठरलेली यादी असते. तिच्यात सतार १०५ व्या क्रमांकावर आहे, शहनाई ११२ व्या. हार्मोनियम नावाचा आवाज नाही. जवळचा म्हणजे २१ वा, रीड ऑर्गन. तबला, मृदंग, पखवाज, ढोलकी यांतलं काहीच नाही. त्यामुळे वाद्यांच्या यादीत एखादं नाव सापडलं म्हणून त्याचा आवाजही संगणकात असेल असं धरून चालू नका. नाव एका यादीतून येतं, आवाज दुसऱ्या डब्यातून.

पेटीसाठी माझं मत: रीड ऑर्गन चालवून घ्या. सरावाच्या ट्रॅकमध्ये तो खटकत नाही. बासरी किंवा व्हायोलिनवर मींड काढायच्या नादाला मात्र लागू नका. दोन स्वरांवर स्लर (जोडणारी कमान) टाकला म्हणून मींड येत नाही, आणि ग्लिसांडोच्या रेघेतून जे येतं ते ऐकवत नाही. ती एक ओळ माणसाकडून वाजवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, नंतर जोडा.

बँडवाल्यांसाठी वेगळी सूचना. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी-फ्लॅटचे असतात. लिहिलेला 'सी' एक पूर्ण सूर खाली, म्हणजे बी-फ्लॅट वाजतो. ई-फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनवर लिहिलेला 'सी' खालच्या ई-फ्लॅटवर येतो. खाली 'कॉन्सर्ट पिच' नावाचं बटण आहे. ते चालू असताना कागदावर खरा वाजणारा स्वर दिसतो, बंद असताना वादकाला वाचायचा स्वर. वादकाचे कागद बघून स्वर भरताना ते बटण बंद हवं. चालू ठेवून भरले तर क्लॅरिनेट आणि पेटी एका सुराच्या फरकानं भांडत राहतात.

तपासणी: प्रत्येक वाद्याचा एकच स्वर एकेकटा वाजवा आणि शेजारच्या खऱ्या पेटीवर तोच दाबून बघा.

३. सा हलवायचा असेल तर दोन फाइली करा

आपण सरगम पांढरी एकमध्ये लिहितो, कारण 'सी'ला सा धरून लिहिणं-वाचणं सोपं. मुली गाणार काळी चार किंवा काळी पाचमध्ये, पुरुष काळी एकमध्ये. मग प्लेबॅकसाठी अख्खी स्वरलिपी हलवावी लागते.

सरळ उपाय: मूळ फाइल छापायला ठेवा, तिला हात लावू नका. 'सेव्ह ॲज' करून दुसरी प्रत करा आणि तिच्यात टूल्समधल्या ट्रान्सपोजनं स्वर हलवा. काळी एकसाठी अर्धा सूर वर. काळी चारसाठी चार अर्धसूर खाली की आठ अर्धसूर वर, ते गळ्याप्रमाणे ठरवा. दोन्हीकडे पोचायचं जी-शार्पवरच, फक्त सप्तक वेगळं.

सावध: 'सगळं निवडा' करून ट्रान्सपोज करू नका. तबल्याचा आवाज साध्या स्वरांच्या स्टाफवर लावला असेल तर तिथला प्रत्येक स्वर म्हणजे एक बोल असतो. स्वर अर्धा सूर सरकला की 'ना'च्या जागी 'तिं' वाजतो आणि ठेक्याचा चोथा होतो. पुढे येणाऱ्या की-स्विचचंही (स्वर न वाजवता नुसती वादनाची तऱ्हा बदलणाऱ्या कळींचंही) तसंच. आधी सुरांची वाद्यं निवडा, मग हलवा. तबल्याचा सूर प्लगइनच्या आत बदला.

४. आवाज जोडा

इथवर सगळं साध्या आवाजावर नीट वाजत असेल, तरच ही पायरी. आवाज तीन ठिकाणांहून येऊ शकतो.

साउंडफाँट: एसएफ२ किंवा एसएफ३ जातीची एकच फाइल असते. ती प्रेफरन्सेसमध्ये दाखवलेल्या साउंडफाँटच्या फोल्डरमध्ये ठेवा. झिप उघडल्याशिवाय ठेवली तर दिसणार नाही, हेही सांगावं लागतं.

म्युझ साउंड्स: म्युझ हबमधून उतरवायचे. पाश्चात्त्य वाद्यांसाठी, विशेषतः व्हायोलिनच्या ताफ्यासाठी आणि ब्राससाठी चांगले. एकेक लायब्ररी मोठी असते, त्यामुळे मोबाइलच्या डेटावर उतरवायला बसू नका.

व्हीएसटी प्लगइन: म्युझस्कोर ४ फक्त व्हीएसटी३ ओळखतं. जुनी व्हीएसटी२ कितीही वेळा टाकली तरी यादीत येणार नाही. विंडोजवर ती सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये, व्हीएसटी३ नावाच्या फोल्डरमध्ये असायला हवी. टाकल्यावर म्युझस्कोर बंद करून उघडा.

मग एफ१० दाबून मिक्सर उघडा. प्रत्येक वाद्याच्या पट्टीवर 'साउंड'चा खण असतो, तिथून आवाज निवडा. एका वेळी एकच वाद्य बदला, वाजवा, सेव्ह करा, मग दुसरं. सगळी एकदम बदलली आणि सॉफ्टवेअर बंद पडलं तर दोषी कोण ते कळत नाही. खानापूरकडे पावसात लाइट कधी जाईल नेम नसतो, म्हणून ऑटोसेव्हही चालू ठेवा.

सावध: प्लेबॅक सेटअपमधून अख्खं प्रोफाइल बदललं तर हातानं निवडलेले आवाज बदलू शकतात. प्रोफाइल आधी ठरवा, एकेक वाद्य नंतर.

५. तबला: आधी चाचणीचं पान

तबल्याचं प्लगइन किंवा साउंडफाँट मिळालं, की लोक लगेच केरवा लिहायला घेतात आणि मग 'धा' सापडत नाही. कोणत्या कळीवर कोणता बोल आहे हे प्रत्येक बनवणारा आपापल्या मर्जीनं ठरवतो. त्याला कुठलाही सर्वमान्य नियम नाही.

म्हणून वेगळी फाइल करा. सुरांचं कुठलंही एक स्टाफचं वाद्य घ्या, त्याच्या साउंडच्या खणात तबला लावा. ६० चा टेम्पो. मधल्या सीच्या दोन सप्तकं खालून दोन सप्तकं वरपर्यंत प्रत्येक अर्धसूर एकेक मात्रेचा लिहा. वाजवा आणि पेन्सिलीनं कागदावर मांडा: या स्वरावर ना, या स्वरावर तिं, इथे गे, इथे के, इथे काहीच नाही. पाच मिनिटांचं काम आहे. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवा.

इथे एक जुना घोळ आहे. मधल्या सीचा मिडी क्रमांक ६० हे पक्कं, पण त्याला म्युझस्कोर 'सी४' म्हणतं आणि काही कंपन्या 'सी३'. प्लगइनच्या माहितीपत्रकात 'धा सी३ वर' असं लिहिलेलं असेल तर तो तुमच्या कागदावर एक सप्तक वर सापडेल. तुमच्या चाचणीच्या पानावर विश्वास ठेवा, माहितीपत्रकावर नको.

आता ठेका लिहा. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ति न क धि न, एका बारमध्ये आठ आठव्या भागाचे स्वर म्हणून बसतात. बोल लिरिक्स म्हणून खाली टाका. 'धा'साठी वेगळी कळ नसेल तर 'ना' आणि 'गे' एकाच वेळी दाबा. तबलजी स्टाफ वाचत नाही, बोल वाचतो. म्हणून हा स्टाफ छापायच्या फाइलमध्ये लपवून टाका. तो संगणकासाठी आहे.

काही प्लगइनमध्ये स्वर संपला की बोलाची आस तोडली जाते आणि 'गे' ठोकळ्यासारखा वाजतो. तसं झालं तर स्वर लांब लिहून बघा.

तपासणी: ठेक्याचा एकच बार दहा वेळा फिरवून ऐका. सम कळते का? नाही कळली तर मात्रा चुकली आहे, आवाज नव्हे.

६. लहान-मोठा आवाज आणि वादनाच्या तऱ्हा

पहिल्या ओळीला 'पी' (हळू) आणि दुसरीला 'एफ' (जोरात) लिहिलं, तरी दोन्ही सारख्याच वाजतात अशी तक्रार असते. काही प्लगइन आवाजाचा जोर स्वर किती जोरात दाबला त्यावरून घेतात, काही मॉड्युलेशनच्या सीसी १ वरून, काही एक्स्प्रेशनच्या सीसी ११ वरून (सीसी म्हणजे स्वरासोबत जाणारी मिडीची क्रमांकाची सूचना). लावलेलं वाद्य यांतलं काय ऐकतं ते त्याच्या खिडकीत बघा, आणि शक्य असेल तर तिथेच बदला. स्वरलिपीत दहा ठिकाणी 'एफएफ' लिहून ते सुटणार नाही.

पिझिकाटोचंही, म्हणजे गजाऐवजी बोटानं तार छेडायचंही, असंच. नुसतं स्टाफ टेक्स्ट म्हणून 'पिझ' टाइप केलं तर ते कागदावर छापलं जातं, वाजत नाही. पॅलेटमध्ये वादनतंत्राच्या तयार सूचना आहेत, त्या ओढून टाका, आणि जिथे परत गजानं वाजवायचं तिथे 'नॉर्मल'ची सूचना टाकायला विसरू नका. विसरलात तर गाणं संपेपर्यंत व्हायोलिन टिकटिकत राहतं.

की-स्विच लागणारी प्लगइन म्युझस्कोरमध्ये हातानंच सांभाळावी लागतात. डोरिकोमध्ये त्यासाठी एक्स्प्रेशन मॅप आहेत. इथे वाद्याच्या पट्टीबाहेरचा तो खालचा स्वर, खऱ्या स्वराच्या किंचित आधी, दुसऱ्या व्हॉइसमध्ये (त्याच स्टाफवरच्या दुसऱ्या थरात) लिहायचा आणि 'व्ही' दाबून अदृश्य करायचा. अदृश्य केलेला स्वर वाजतो, हे ध्यानात ठेवा. वाजायलाच नको असेल तर प्रॉपर्टीजमधली 'प्ले'ची खूण काढायची. ही दोन वेगळी बटणं आहेत आणि रोज कोणीतरी त्यांची अदलाबदल करतं.

७. मिक्सर

'आवाजच येत नाही' अशी तक्रार असेल तर या क्रमानं बघा: कुठे सोलो चालू राहिलाय का, म्यूट आहे का, पूर्ण स्कोअरऐवजी एका पार्टचा टॅब उघडा आहे का. पार्टच्या टॅबमध्ये तेवढंच वाद्य ऐकू येतं. मी स्वतः एकदा वुडब्लॉकचा सोलो चालू ठेवून ट्रॅक काढला आणि न ऐकताच पेन ड्राइव्हवर दिला. शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत उभी, पाहुणे बसलेले, आणि स्पीकरमधून फक्त टक टक टक. पोरांनी गाणं तालात म्हटलं, एवढंच समाधान.

मास्टरचा मीटर सर्वात जोराच्या जागी शून्याच्या खाली, साधारण उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिसलं की मास्टर नव्हे, एकेक वाद्य खाली आणा. पेटी आणि गाण्याची ओळ एकाच पट्टीत असतात, त्यामुळे पेटी कमीच ठेवा.

रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, एकाच ठिकाणी ठेवा. प्लगइनच्या आतला आणि मिक्सरमधला दोन्ही चालू राहिले तर तबला देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखा वाजतो. कार्यक्रम मंगल कार्यालयात असेल तर तिथला हॉल आपणहून भरपूर घुमतो, ट्रॅकमध्ये रिव्हर्ब जवळजवळ नकोच.

पॅन करताना, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे टाकताना, जपून. मंडळाच्या स्पीकरला कित्येकदा एकाच बाजूची वायर जोडलेली असते. पेटी पूर्ण डावीकडे टाकली आणि वायर उजवीची निघाली, तर पेटी गेली.

८. एक्स्पोर्ट

आधी दोन बार रिकामे ठेवा किंवा त्यांत वुडब्लॉकचे ठोके लिहा. मेट्रोनोमची टिकटिक एक्स्पोर्टमध्ये येईल यावर विसंबू नका. ठोके हवे असतील तर त्यांना स्वतःचा स्टाफ द्या. मोठी लायब्ररी लावली असेल तर एक्स्पोर्टआधी एकदा पूर्ण वाजवून घ्या, म्हणजे सगळे आवाज मेमरीत आलेले असतात.

सरावासाठी तीन ट्रॅक काढा: सगळं मिळून, गाण्याची ओळ मोठी करून, आणि गाण्याची ओळ म्यूट करून. प्रत्येक वेळी सोलो-म्यूट तपासा, वरचा किस्सा आठवून.

कार्यक्रमासाठी वेव्ह फाइल ठेवा. १६ बिट, ४४,१०० ची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, १२८ केबीपीएसची एमपी३ सुमारे १ एमबी. व्हॉट्सॲपवर एमपी३ पाठवा, आणि डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइलचं नाव जसंच्या तसं राहतं. मिडी फाइल पाठवू नका. तिच्यात आवाज नसतोच, फक्त कोणता स्वर कधी वाजवायचा एवढी सूचना असते. समोरच्याच्या फोनमध्ये जे असेल ते वाजेल, नाहीतर फाइल उघडणारच नाही. म्युझिकएक्सएमएलचंही तेच: स्वर जातात, तुमचं तबल्याचं प्लगइन जात नाही. म्युझस्कोरची मूळ फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडायची असेल तर तीच प्लगइन तिथेही हवीत.

काढलेला ट्रॅक तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, फोनच्या छोट्या स्पीकरवर, आणि जमलं तर ज्या स्पीकरवर लागणार त्याच्यावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फोनवर 'गे'चा खर्ज ऐकू येणार नाही, ते ठीक आहे. 'ना' मात्र स्वच्छ ऐकू यायला हवा. तो येत नसेल तर तबला नव्हे, पेटी दोन डेसिबलनं खाली घ्या आणि पुन्हा काढा.